मंजूर नकाशात नसलेली खिडकी

सकपाळ साहेब कुणाच्याही घरी गेले की आधी खिशातून उदबत्ती काढून पेटवतात. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा आईला वाटलं, माणूस भलताच भाविक दिसतोय. साहेब मात्र धूर कुठं जातो ते बघत घरभर फिरले आणि स्वयंपाकघरात थांबून म्हणाले, "सदरहू खोलीत हवा खेळत नाही."

साहेब महाडात आमच्या शेजारी राहतात. घरकुलांचे नकाशे काढणारे इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, पण जीभ अजून कचेरीतच आहे. पत्नीकडे, सुमनताईंकडे, चहासुद्धा "सादर व्हावा" म्हणून मागतात.

निवृत्तीनंतर त्यांना एकच ध्यास. इंजिनिअरांच्या संघटनेचं सभासदांसाठी एक त्रैमासिक निघतं, त्यात घरबांधणीवर आपला लेख यावा. मी मराठीचा शिक्षक, म्हणून शुद्धलेखन माझ्या गळ्यात. संपादकांनी चार पानं मागितली. साहेबांनी नुसत्या जोत्यावर चाळीस लिहिली. मी कुरकुर केली तेव्हा अक्षर बारीक करून चाळिसाची एकोणतीस केली. लेख परत आला.

पुढं संपादकांनीच सुचवलं, "तुमच्या नकाशांवर झालेल्या घरांत आज लोक कसे राहतात, ते लिहा."

"उत्तम राहतात, दुसरं काय!" म्हणत साहेबांनी मला स्कूटरवर मागं बसवलं आणि शिवथरची वाट धरली.

तिथं एक म्हातारी पक्क्या घराच्या मागं, ताडपत्रीखाली चूल मांडून भाकऱ्या थापत होती.

"आजी, आत ओटा दिलाय ना?"

"हाय की. त्याच्यावर कांदं ठेवलंत. आत धूर जायाला वाटच नाय. कोनी काढला रं तो नकाशा? त्यानं जल्मात चूल पेटवलेली दिसत नाय."

मी दुसरीकडं बघू लागलो.

"मीच काढला, आजी," साहेब म्हणाले.

म्हातारी थबकली. मग हात झटकून म्हणाली, "मंग बस. भाकर खाऊन जा."

 परतल्यावर आठवड्यात साहेबांनी बरोबर चार पानं आणून दिली. 'सदरहू' एकदाही नव्हतं. शेवटी लिहिलं होतं : 'माझ्या पत्नीने वीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात खिडकी मागितली. मंजूर नकाशात नाही, असे मी सांगितले. फोडणी घातली की ती आजही ओसरीवर येऊन खोकते. मी चुकलो.'

संपादकांचा फोन आला. लेख झकास, फक्त शेवटचा मजकूर घरगुती आहे, तेवढा काढू या.

"मग लेखच काढा," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला. झालं, लेख गेला, असं मी धरून चाललो. पण लेख छापून आला, अगदी शेवटच्या शब्दासकट.

अंक आला त्या दिवशी साहेबांनी तो ओट्यावर उघडा ठेवला आणि ओसरीवर माझ्याशी उगाच उन्हाबद्दल बोलत बसले. थोड्या वेळानं सुमनताई अंक घेऊन बाहेर आल्या.

"हे तोंडानं सांगता आलं नसतं?"

"तोंडी सांगण्याला आमच्या खात्यात किंमत नसते," साहेब जमिनीकडं बघत म्हणाले.

ताईंना हसू फुटलं. साहेब उठले, टेप आणि पेन्सिल घेऊन आत गेले. "कुठं हवी, ते तू दाखव."

ताईंनी भिंतीवर बोट ठेवलं. इथून शेजारचा फणस दिसेल, म्हणाल्या. नियमानं बघितलं तर ती जागा हातभर डावीकडं सरकलेली होती. साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि ताईंच्या बोटाभोवती पेन्सिलीनं हळूच गोल काढला.