दारातनं ये

गोपाळमामाच्या घराला भिंती नव्हत्या, तेव्हाही तो पाहुण्याला दारातनंच आत घ्यायचा.

दिग्गीकडं रानात त्याचं जुनं कुडाचं खोपट. त्यासमोरच्या मोकळ्या जागेत त्यानं नवं घर मातीनं आखून ठेवलं होतं. भातशेताला घालतात तसे घोट्याएवढे बांध. हा पुढचा बसायचा सोपा, ही निजायची खोली, ही चूल. वर आभाळ. कुणी सरळ चालत आलं की मामा हाक द्यायचा, "आरं, भिंतीतनं कुठं येतोस? दारातनं ये." मग तो माणूस जोयड्याच्या तालुका कचेरीतला साहेब असो नाहीतर जीपवाला, वळसा घालून, दोन बांधांमधल्या फटीतून आत. एकदा शेजाऱ्याची म्हैस सोप्यातून थेट चुलीत शिरली. मामानं तिला तशीच हाकलली नाही. दारापर्यंत नेली आणि मग बाहेर काढली.

पावसात बांध वाहून जायचे. मामा फावडं घेऊन पुन्हा घालायचा. त्याच जागी.

आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. त्यामुळं मामा प्रत्येक गोष्ट मला विचारायचा आणि स्वतःच्या मनाचंच करायचा. पैसा बेताचा होता, पण त्याची त्याला खंत नव्हती. स्लॅब नको, जुनी कौलं धुऊन घेऊ. फरशी नको, सारवू. खिडक्यांना गज बांबूचे, गिलावा आतनं तेवढा. "भागतंय की," हे त्याचं ठरलेलं.

मी म्हटलं, "मामा, निदान संडास तरी घराला लागून बांध."

"लागून कशाला? वाटंवर दोरी बांधतो."

"दोरी कशाला?"

"कपडे वाळत घालाय," म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

रामनगरहून गवंडी आला. त्यानं बांधांच्या आत एक फेरी मारली, अर्थात दारातनं आत येऊन. "मामा, सैपाकघर हिकडं तुमच्या जुन्या गोठ्याच्या भिंतीला आणा. एक आख्खी भिंत वाचती बघा."

मला पटलं. मामा म्हणाला, "न्हाई."

"अवो, चिरं वाचत्यात."

"मग सोप्याची भिंत गुडघ्याएवढीच ठेव, वर मी कूड घालतो. चूल हलायची न्हाई."

"चुलीखाली सोनं पुरलंय काय?"

"व्हय. तू बांध."

आल्यागेल्याला बसवून घेण्यात ज्याचा जीव, त्या माणसानं सोप्याची भिंत अर्धी केली आणि चुलीसाठी अख्खी भिंत घेतली. मला त्याचा रागच आला. घर उभं राहिलं ते मात्र बरोबर त्या बांधांवर.

गृहप्रवेशाला दिवा मामीच्या हातात होता. तिला थोडं कमी दिसतं हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून मी तिचा हात धरला. तिनं तो हळूच सोडवला. उंबरा ओलांडला, सोप्यातून सरळ गेली, वळायचं तिथं वळली आणि चुलीपुढं जाऊन थांबली. कुठं धडकली नाही, कुठं चाचपडली नाही. दिवा ठेवून तिनं भिंतीवर तळवा टेकला.

"आता टेकाय भिंत हाय," म्हणाली.

मग मला जवळ बसवून तिनं सांगितलं, "बेळगावच्या डॉक्टरनं सांगितलंय, हाय ती नजर पन जानार. तवाधरनं ह्ये मला रोज बांधाबांधानं चालवत होते. म्हनायचे, दिसतंय तवर पायांस्नी घर दाखवून ठेव. कुनाला सांगू नको म्हनाले, मानसं उगं कीव करत्यात."

मी बाहेर पाहिलं. संडासाच्या वाटेवर दोरी बांधलेली होती. तिच्यावर एकही कपडा नव्हता.

सांजेला माणसं पांगली. मामा अंगणात एकटाच उभा होता. इकडं तिकडं पाहून त्यानं डोळे गच्च मिटले, हात पुढं केले आणि घराकडं चालू लागला. चांगला हातभर चुकला. कपाळ सोप्याच्या कुडावर आपटल्याचा आवाज आला.

चुलीपुढनं, मान न वळवता, मामी म्हणाली, "भिंतीतनं कुठं येताय? दारातनं या."