लक्ष्मीबाई नगरातल्या वाळ्याचे वर्गीकरण

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या एका सरकारी क्वार्टरमध्ये सकाळी सव्वासातला बाथरूमच्या जाळीतून वाळा वर आला. वीतभर लांब, काळा, आंधळा साप, गांडुळाहून निरुपद्रवी. चंद्रप्रभाबाईंनी सावंतवाडीत लहानपणी असे कितीतरी वाळे पाहिलेले. त्या केरभरणी घेऊन निघाल्या.

"थांब!" शशिकांतराव ओरडले. घरात नवराबायको दोघंच; पैकी हे एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. "सापाला असं परस्पर उचलता येत नाही. पोर्टलवर तक्रार टाकतो."

चौथ्या दिवशी वनखात्याचे निरीक्षक आले. भिंगातून पाहून त्यांचा चेहरा पडला.

"मॅडम, इसका शास्त्रीय नाम पहले टिफ्लॉप्स था, फिर रॅम्फोटिफ्लॉप्स हुआ, अब इंडोटिफ्लॉप्स है. फॉर्म में नया नाम ही नहीं है."

"मग जुन्या नावानं न्या ना!"

"पुराने नामवाला प्राणी अब है कहाँ?"

प्रजातीचा रकाना मंजूर होईपर्यंत बाथरूमला सील लागलं. नवराबायको शेजाऱ्यांकडे आंघोळीला जाऊ लागली. पुढं तज्ज्ञ आले. त्यांनी सांगितलं, या जातीत सगळ्या माद्याच. नराशिवाय अंडी घालतात. फॉर्ममध्ये मात्र 'पिता अथवा पतीचे नाव' सक्तीचं होतं. त्यावर तीन बैठका झाल्या. तेवढ्यात अंडी फुटून सहा मुली झाल्या.

मग क्वार्टरच्या कार्यालयाची नोटीस आली : सात अनधिकृत स्त्रिया वास्तव्यास आहेत, सबब पोटभाडेकरू ठेवल्याचे मानून पंधरा दिवसांत जागा रिकामी करावी.

सव्वीस वर्षं नोटिसा काढणाऱ्या शशिकांतरावांना घाम फुटला.

"दाखवा आता त्यांना कुटुंबात!" बाई वैतागून म्हणाल्या.

शशिकांतरावांना ते एकदम पटलं. त्यांनी अर्ज भरला : दूरची आत्या, दृष्टिहीन, निराधार, सहा मुली. अर्जात आठच ओळी होत्या. पहिल्या ओळीत ते स्वतः.

"आणि मी?"

"तुझ्यावर कुठं नोटीस आहे? तुझं नंतर टाकू."

अर्ज तीन दिवसांत मंजूर झाला. बाथरूमचं सील निघालं. आत्याबाईंना दवाखान्याचं कार्डही मिळालं. आठवड्यानं पडताळणीसाठी पथक आलं. पथकानं यादी वाचली, माणसं मोजली आणि चंद्रप्रभाबाईंसमोर पेन थांबवलं.

"आप कौन?"

"मी यांची बायको!"

"लिस्ट में तो नहीं हैं."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. शशिकांतराव चष्मा पुसत म्हणाले, "नियम आहे गं. चार दिवस माहेरी जा. मी दुरुस्तीचा अर्ज टाकतो."

बाई बॅग घेऊन जिन्यात बसल्या. शेजारणींनी चहा आणून दिला, हळहळल्या, आणि दार लावताना एकमेकींना म्हणाल्या, बाईंनी आपलं नाव वेळेवर घालून घ्यायला हवं होतं.

खरं सांगा, तुम्हीही तेच म्हणालात ना?