मोरेश्वरचं लायब्ररी कार्ड आणि गुलाबी कागद

"अमेरिकेत फिरायचं ना? मग खिशात लायब्ररी कार्ड ठेवा. बाकी सगळं आपोआप मिळतं!" ॲरिझोनातल्या चँडलरहून निघायच्या आदल्या दिवशी मोरेश्वर बापटने हे मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणात चारचौघांसमोर ठणकावून सांगितलं होतं. आरव्ही भाड्याने घेतलेली होती. म्हणजे ओटा, बिछाने, संडास असलेलं चाकांवरचं घरच! पण त्या घरात वायफाय नव्हतं आणि मोरेश्वरला वायफायशिवाय घास उतरत नाही. म्हणून बेत असा, की जाईल त्या गावात लायब्ररी गाठायची, पाहुण्यांसाठीचं तात्पुरतं कार्ड काढायचं आणि एसी, प्रिंटर, स्वच्छ बाथरूम यांचा मनसोक्त लाभ घ्यायचा.

"एखादं पुस्तकही वाचशील का रे?" बायकोने, शैलजाने विचारलं. ते त्याने ऐकलंच नाही.

तीन गावांत तीन कार्डं झाली. चौथं निघालं युटातल्या पिनियन फ्लॅटमध्ये. गाव एवढंसं, की लायब्ररी आणि काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, कचेरी एकाच इमारतीत समोरासमोर. काउंटरवर डोरीन नावाच्या आजीबाई होत्या. त्यांनी गोड हसून कार्डाचा फॉर्म पुढे केला, आणि त्याच्यामागून एक गुलाबी कागद. मोरेश्वरने दोन्हींवर नाव, पत्ता लिहून सही ठोकली. वाचलं नाही. कसं वाचणार? आधी व्हिसा, मग त्याचं एक्स्टेन्शन, मग ग्रीन कार्ड, असे चौदा वर्षं फॉर्म भरून भरून त्या माणसाचा हात असा झाला होता, की रिकामी रेघ दिसली की सही करून मोकळा! बाहेर पडता पडता मुलीने, निधीने, कार्ड मिरवणाऱ्या बाबांचा फोटो काढला आणि गाडी निघाली.

साठ मैल गेल्यावर निधी मागून म्हणाली, "बाबा, यू लुक सो गूफी! अँड व्हाय आर यू नेक्स्ट टू द व्होटिंग थिंग?"

"कसलं व्होटिंग थिंग?"

शैलजाने फोन हातात घेतला. फोटोत मोरेश्वरच्या डोक्यामागे भला मोठा फलक होता: 'मतदार नोंदणी इथे करा.' फलकाखाली फॉर्मांचा गठ्ठा होता. गुलाबी!

"मेलो!" मोरेश्वर ओरडला. तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? अहो, बापट अजून नागरिक नव्हता! ग्रीन कार्डवाल्याने मतदार म्हणून नाव नोंदवलं तर देशाबाहेर काढू शकतात, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. त्यात त्याची सिटिझनशिपची मुलाखत बारा दिवसांवर आलेली. त्या अर्जात स्वच्छ प्रश्न होता, 'तुम्ही कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं आहे का?' आणि त्याने स्वच्छ लिहिलं होतं, 'नाही.'

त्याने करकचून ब्रेक दाबला. वरच्या कपाटातून चिवड्याचा डबा सुटला आणि अख्ख्या घरभर चिवडा झाला.

"गेलं! चौदा वर्षं पाण्यात गेली!" मोरेश्वर कपाळावर हात मारत म्हणाला. "शैलू, आपल्याला पुण्याला पाठवतील. निधी इथे जन्मलेली, तिला नाही काढणार. ती एकटी राहील गं इथे!"

"कॅन आय कीप द आरव्ही?" निधीने विचारलं.

"गप्प बस गं तू! आणि मोरेश, तू आधी श्वास घे," शैलजा म्हणाली.

श्वास कुठला घेतोय! त्याने थेट पुरुषोत्तमला फोन लावला. पुरुषोत्तम नागपूरचा, त्याचा जुना ऑफिसमित्र, आणि संकटात सल्ला देण्यात पटाईत.

"अबे, हे तर भलतंच करून बसला ना तू!" पुरुषोत्तम ओरडला. "माझ्या साडूच्या ऑफिसातल्या एकाचं डिट्टो असंच झालं होतं."

"मग?"

"मग काय, आता तो टोरंटोत राहते."

"बरा आहे ना पण?"

"थंडी लय आहे म्हणते. तू ऐक, त्यांनी शोधून काढायच्या आधी स्वतःच कबूल होऊन जा. लेखी! आज शुक्रवार आहे, पुढे लाँग वीकेंड आहे. आत्ताच्या आत्ता मेल टाक!"

"आधी जाऊन तो कागद तरी बघ," शैलजा कळवळून म्हणाली. "कशावर सही केलीस तेच आपल्याला ठाऊक नाही!"

पण भीतीने माणूस बहिरा होतो. मोरेश्वर रस्त्याकडेच्या टेकाडावर चढला. तिथे फोनला इंटरनेटची एक दांडी मिळाली. एक हात आभाळाकडे करून त्याने काउंटीला मेल लिहिला. नाव, जन्मतारीख, ग्रीन कार्डचा नंबर, फोन, आरव्हीने परत येतोय हेसुद्धा, सगळं दिलं. 'मी चुकून आपला मतदार झालो आहे. मला ताबडतोब काढून टाकावे. मला एक मुलगी आहे.' आणि पाठवलासुद्धा!

मग एकोणतीस फुटी गाडी तीन झटक्यांत वळवून तो परत सुटला. तोंडाने रामरक्षा चालू होती, पण दोन ओळींपुढे काही केल्या आठवेना. दहा मैल होतात न होतात तोच मागे लाल-निळे दिवे!

"आले!" मोरेश्वर म्हणाला. "मेल जाऊन पंधरा मिनिटं नाही झाली, आणि आले! अमेरिकेची सिस्टीम बघ!"

गाडी थांबली. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून तो बसला. घामाने शर्ट भिजलेला, तळव्याखाली चिवडा. शेरीफचा उंचापुरा माणूस खिडकीशी आला.

"सर, तुम्हाला का थांबवलं, ठाऊक आहे?"

"हो," मोरेश्वर रडवेला होऊन म्हणाला. "पण मी मत दिलेलं नाही हो! नुसती सही केली!"

त्या माणसाने गाडीच्या दाराकडे बोट दाखवलं. "तुमच्या गाडीची पायरी उघडी राहिली आहे," तो म्हणाला. "कोणाला तरी लागेल. आत घ्या."

शैलजा उतरली आणि पायरी आत घेऊन आली.

पाचला दहा कमी असताना ते पिनियन फ्लॅटला पोचले. मोरेश्वर धावत आत शिरला आणि काउंटर धरून उभा राहिला. "मॅडम, तो गुलाबी कागद! प्लीज, तो परत द्या!"

"अरेरे, विचार बदलला का?" डोरीनबाईंनी खण उघडला आणि कागद काढून दिला. मोरेश्वरने तो वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. 'उन्हाळी वाचन स्पर्धा. मी, खाली सही करणार, सुट्टीत पाच पुस्तकं वाचायचं वचन देतो.'

"पण मग... मतदारांचा फॉर्मही गुलाबीच!"

"पांढरा कागद संपला हो. मेपासून आमच्याकडे सगळंच गुलाबी आहे."

मोरेश्वर मटकन खाली बसला आणि भर लायब्ररीत हमसून हमसून रडला. शैलजाचेही डोळे भरून आले. काही म्हणा, चौदा वर्षांची काळजी होती ती. डोरीनबाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. निधीसुद्धा येऊन बाबांना बिलगली.

तेवढ्यात समोरच्या कचेरीतून टाय लावलेला एक हसतमुख माणूस आला. त्याच्या हातात एक कागद होता. "मिस्टर बापट तुम्हीच का? बाहेर आरव्ही बघितली, म्हटलं तेच असणार. मी काउंटीचा क्लार्क. तुमचा मेल मिळाला. आम्ही यादी तीनदा तपासली, तुमचं नाव कुठेच नाही."

"नाहीच आहे!" मोरेश्वर नाक पुसत हसला. "मी कधी नोंदवलंच नाही! तो मेल फाडून टाका तुम्ही!"

"छे, छे, ते नाही चालत," क्लार्क अभिमानाने म्हणाला. "आलेला प्रत्येक मेल इथे रेकॉर्डला लागतो. हा बघा शिक्का. आणि मजकूर इतका गंभीर होता, की एक प्रत लगेच वर राज्याच्या ऑफिसला पाठवली. अगदी वेळेत! ही तुमची प्रत."

मोरेश्वरने पुन्हा चष्मा पुसून तो शिक्क्याचा कागद वाचला.

"चौदा वर्षांत या देशाला तुझ्याविरुद्ध एक कागद सापडला नाही," शैलजा हळूच म्हणाली. "तो तू स्वतः लिहून दिलास. टेकडीवर चढून!"

मुलाखतीत तो प्रश्न विचारणार, हे नक्की होतं. त्याचं खरं उत्तर अजूनही 'नाही' असंच होतं. फक्त आता त्या 'नाही'सोबत वकील न्यावा लागणार होता.