येगळं बांधा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात वडिलांसाठी राखून ठेवलेली फ्लूची लस मी स्वतःला टोचून घेतली. पण ते कळायचं तर आधी आप्पा कळायला हवेत.

आप्पा म्हणजे माझे वडील. घरात कुणी शिंकलं की ते शिंकणाऱ्याकडे बघत नाहीत, दोरी शोधतात. घरात दोरी एकच, कपडे वाळत घालायची, म्हणून आम्ही वाचतो. त्यांचा जन्म मंगळवेढ्याच्या माळावर मेंढरांमागे गेला. आई गेल्यावर मी त्यांना जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटवर आणलं. मेंढरं विकली, राखण काही सुटली नाही. एखादं मेंढरू नाक गाळायला लागलं की ते कळपाबाहेर बांधायचं, हे त्यांचं सगळं वैद्यकशास्त्र. ते त्यांनी आम्हाला लागू केलं.

टीव्हीवर बातम्या सांगणारा खोकला तरी आप्पा ओरडतात, "येगळं बांधा त्याला!" शेजारच्या बिराजदार काकू चहाला आल्या आणि शिंकल्या. आप्पांनी त्यांची खुर्ची, काकूंसकट, ओढत गॅलरीत नेली. मागून कपबशीही नेऊन दिली.

"आप्पा, मी काय शेळी आहे का?"

"न्हाय की. शेळी ऐकती."

काकू चिडल्या नाहीत. पदराने नाक पुसत तिथंच चहा प्यायल्या.

आप्पांची आणखी एक गोष्ट होती, टोचणीची. जनावरांचा डॉक्टर आला की टोचलेल्या प्रत्येक मेंढराच्या पाठीवर आप्पा गेरूचा ठिपका लावत, पुन्हा टोचलं जाऊ नये म्हणून. आणि त्याच्या कानाशी म्हणत, "तू वाचलंस बग." ही गोष्ट त्यांनी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, इतक्यांदा सांगितली होती की शेवटचं वाक्य तीच म्हणून टाकायची.

गेल्या थंडीत फ्लूची साथ आली. आप्पांना जुना दमा. डॉक्टर म्हणाले, यांना लस द्याच. पण लस होती कुठं? एकही औषधाचं दुकान सोडलं नाही. सगळीकडे एकच उत्तर, "पुढच्या आठवड्यात बघा." सुनंदा शाळेत शिकवते, येताना रोज दोन दुकानं करायची. शेवटी एका दवाखान्यातून फोन आला. एक आहे, दुपारपर्यंत ठेवतो, वडिलांना घेऊन या.

मी ऑफिसातून निघालो. घर पुढे होतं, दवाखाना वाटेत. म्हटलं, आधी खरंच आहे का बघू. आत बसायला जागा नव्हती. माझ्याच वयाचा एक माणूस बाकावर आडवा पडला होता, श्वास घेताना त्याच्या बरगड्या वर येत होत्या. त्याची बायको वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होती. मी त्याच्याकडे बघत राहिलो. कंपाउंडरनं विचारलं, "कुणाला टोचायचंय?"

मी म्हणालो, "मला."

बाही मीच वर केली.

घरी आप्पा एकटेच होते, स्वेटर घालून, टोपी घालून, चप्पल पायात. तयार.

"संपली म्हणाले," मी म्हणालो.

"बरं दत्त्या," आप्पा म्हणाले आणि चप्पल काढली. मी बॅग खुंटीला अडकवायला गेलो. रोज डाव्या हातानं अडकवतो. त्या दिवशी हात खांद्याच्या वर जाईना. आप्पा बघत होते. आयुष्यभर त्यांनी टोचल्यावर पाय आखडणारी मेंढरं बघितली आहेत.

संध्याकाळी सुनंदा आली ती दारातूनच, "मिळाली का लस?"

मी तोंड उघडलं. त्याआधी आप्पा बोलले. "मिळाली की! दत्त्यानं टोचून आणली. लई ठणकतंय गं." आणि त्यांनी आपला डावा दंड चोळला. डावाच.

सुनंदानं देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून ती थेट घरी येऊ लागली. आप्पांसाठी लस शोधणारं आता कुणी उरलं नव्हतं. मी शोधली असती तर कुणासाठी, हे सांगावं लागलं असतं. मी शोधली नाही.

त्याच आठवड्यात आप्पांनी आपली खाट गॅलरीत नेली, घोंगडी बांधून आडोसा केला. सुनंदा म्हणाली, "अहो आप्पा, लस घेतली ना? मग आता कशाला वेगळं?"

"सवय हाय पोरी. मला येगळं बांधा."

सगळे हसले. साथ ओसरेपर्यंत ते तिथंच जेवले, खिडकीतून ताट घेऊन. रस्त्यावरच्या गाड्या बघत बसायचे. टीव्हीचा आवाज मोठा करा म्हणायचे. बातम्यांसाठी नव्हे, आत माणसं आहेत एवढं ऐकू यावं म्हणून, असं मला आता वाटतं.

एका रविवारी सुनंदा माझा ऑफिसचा शर्ट घेऊन आली. "हा डाग कसला हो?" डाव्या बाहीवर, दंडाच्या जागी, अंगठ्याएवढा गेरूचा ठिपका.

"कुंडीचा लागला आसंल," आप्पा गॅलरीतून म्हणाले. तुळशीच्या कुंडीला त्यांनी सकाळीच गेरू दिला होता.

सुनंदा शर्ट भिजवायला गेली. मी खिडकीपाशी उभा राहिलो. आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. टोपी सारखी केली आणि रस्त्याकडे बघत हळूच म्हणाले, "तू वाचलास बग."

त्यांना त्या हिवाळ्यात साधं पडसंही झालं नाही. ते त्यांचं कर्तृत्व, माझं नाही.

यंदाची थंडी तोंडावर आली आहे. लस अजून दुकानांत आलेली नाही. आली की पहिली त्यांची, यावेळी त्यांना सोबत घेऊनच जाईन. त्याशिवाय मी त्यांना एक वाक्य देणं लागतो: आप्पा, लस संपली नव्हती. ते मी अजून दिलेलं नाही.