परतलेल्या पत्रांचे अण्णा

बिराजदार अण्णा परत आलेला ईमेल उभं राहून वाचतात. खुर्ची मागं सारायची, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचायचं. मधले आकडे, कंस, टिंबंसुद्धा गाळायची नाहीत. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात नवीन आलेला माणूस हे बघून घाबरतो. त्याला वाटतं, अण्णांच्या घरून काही वाईट बातमी आली.

अण्णा कंपनीचा मेल सर्व्हर सांभाळतात. मूळचे कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गी गावचे. घरी कानडी, बाहेर मराठी आणि सर्व्हरशी दोन्ही. काही अडलं की पडद्याकडं बघून विचारतात, "याके?" म्हणजे कानडीत 'का?'. माणसांनाही तेच. पंखा बंद पडला, याके? बस उशिरा आली, याके? एकदा कॅन्टीनच्या बाईंना त्यांनी शेंगाचटणीत लसूण कमी का, हे इतक्या मनापासून विचारलं, की लसूण सोलणारी सून माहेरी का गेली इथपर्यंत सगळं त्या सांगून बसल्या. अण्णांनी मान डोलावली आणि म्हणाले, "आता कळलं." त्यांना चटणीची तक्रार नव्हतीच. कारण पाहिजे होतं.

मी निर्यातीची कागदपत्रं बघते. अण्णांशी माझी खरी ओळख झाली ती एका वाईट सोमवारी. पोलंडच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, की माल बंदरात येऊन उभा आहे आणि कागदपत्रांचा पत्ता नाही. आमचे मॅनेजर कदमसाहेब माझ्या टेबलापाशी आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, कागद पाठवायचं एक काम तुमच्याकडं. तेही होत नाही?"

"सर, मंगळवारीच पाठवलेत."

"मग ते म्हणतात आलं नाही, ते खोटं बोलतात?"

मी पाठवल्याचं मला पक्कं आठवत होतं. पण साहेबांचा आवाज ऐकून माझाच माझ्यावरचा विश्वास उडायला लागला. डोळे भरून यायच्या आत मी उठले आणि कोपऱ्यातल्या सर्व्हरच्या खोलीत गेले. सोलापूरच्या मे महिन्यात गार हवा मिळणारी तेवढी एकच जागा.

अण्णा भाकरीचा डबा उघडून बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी डबा बंद केला.

"पाठवणं येगळं, पोचणं येगळं ताई," ते म्हणाले. "बघू की कुटं अडलंय."

सर्व्हर प्रत्येक पत्राची नोंद ठेवतो, हे मला तेव्हा कळलं. अण्णांनी मंगळवार काढला. माझं पत्र अकरा वाजून सात मिनिटांनी निघालं होतं. समोरच्या सर्व्हरनं ते दारातूनच परत लावलं होतं आणि तसा निरोप मला आठ मिनिटांनी आला होता.

"तो निरोप कुटाय?"

तो मी पुसून टाकला होता. इंग्रजी आकड्यांचं ते गचपण बघून मला जाहिरात वाटली होती. तसं मी सांगून टाकलं. अण्णा रागावले नाहीत. फक्त इतके दुःखी झाले, की रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात कदमसाहेब आले आणि म्हणाले, "अण्णा, ते मशीन बंद करून परत चालू करा. आमच्या घरी तसंच करतात."

"साहेब, पेशंटला झोपवून उठवलं म्हणजे ताप कशानं आला ते कळत न्हाय," अण्णा म्हणाले. "मला संध्याकाळपर्यंत टाइम द्या."

मग त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. दहा ठिकाणी एकेका ओळीची पत्रं पाठवली. पुण्याच्या व्यापाऱ्याला, मुंबईच्या एजंटला, मोहोळच्या भाच्याला, परदेशातल्या चार गिऱ्हाइकांना. मजकूर एकच : 'नमस्कार, पोचलं का ते कळवा.' कागदावर दोन रकाने आखले, पोचलं आणि परतलं. पुणं पोचलं. मोहोळ पोचलं, वर भाच्यानं मामा कसे आहात म्हणून विचारलं. परदेशातली तीन परतली. अण्णा उभे राहिले आणि तिन्ही निरोप एकापाठोपाठ वाचले. मी ऐकत होते. तिसऱ्याला माझ्याही लक्षात आलं, की नंबरची एक ओळ तिन्हींत सारखीच आहे.

"याके?" अण्णा पडद्याला म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले.

गेल्याच आठवड्यात कंपनीनं इंटरनेटची लाइन बदलली होती, तिच्याबरोबर तिचा नंबरही. अण्णांनी मला समजावलं, "बघा ताई, मी तुमाला फोन केला आन म्हनलो, मी मैंदर्गीचा बिराजदार. तुमी लगेच इस्वास ठेवत न्हाय. मी ज्या फोनवरनं बोलतो तो नंबर कुणाचा, हे तुमी आदी इचारता. जुन्या नंबरवर आपलं नाव होतं. नव्यावर कुणी घातलंच न्हाय. पुण्याचं लोक भोळं, पत्र तसंच आत घेत्यात. पोलंडवाला इचारतो."

पुण्याच्या लोकांना कुणी भोळं म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

नव्या नंबरवर नाव नोंदवणं इंटरनेट कंपनीच्या हातात होतं. अण्णांनी त्यांना फोन केला. पाच जणांना मैंदर्गीची गोष्ट पाच वेळा सांगितली. पाचव्या मुलीला ती कळली. दुसऱ्या दिवशी दुपारी नोंद झाली, माझे कागद गेले आणि तासाभरात पोलंडहून पोच आली.

कदमसाहेबांनी अण्णांना विचारलं, "पण पत्र परत आलं, तर मॅडमना कळलं कसं नाही?"

मी खाली बघत उभी होते.

"तो निरोप मशीनच्या भाषेत असतोय साहेब. शिकलेल्या माणसालाबी कळत न्हाय. माझी चूक हाय, मीच सगळ्यांना शिकवायला पायजे होतं." आणि त्यांनी खरोखर शुक्रवारी सगळ्या ऑफिसला तासभर शिकवलं, उभं राहून.

या प्रकरणानंतर साहेबांनी फर्मान काढलं, की सोडून गेलेल्या लोकांचे मेलचे पत्ते बंद करा. यादी करायला मी अण्णांजवळ बसले. चाळीसेक नावं भराभर उडाली. लक्ष्मय्यांच्या नावाशी अण्णांचा हात थांबला. लक्ष्मय्या आमचे नक्षीकाम करणारे. टॉवेलवरचे मोर, वेली, सगळं त्यांच्या हातचं. दोन वर्षांपूर्वी वारले. अण्णा आणि ते रोज एका डब्यात जेवायचे, हे मी जुन्या लोकांकडून ऐकलं होतं.

"हे ठेवू या," अण्णा म्हणाले.

"का?"

त्यांनी चष्मा कपाळावर सारला. मग म्हणाले, "जर्मनीत एक म्हातारी दुकानदारीण हाय. वर्षातनं एकदा त्याला लिहिते. मोर बरा हाय का, म्हनून इचारते. पत्ता बंद केला की सर्व्हर तिला सांगनार, या नावाचा माणूस हितं न्हाय. लक्ष्मय्या बत्तीस वर्षं हितं होता ताई. न्हाय असं कसं सांगायचं?"

"मग तुम्ही तिला उत्तर दिलंत?"

"दोन वर्षं झाली, लिहितोय. इंग्रजी जमंना. लिहून द्या म्हनावं, असं बी कुणी न्हवतं."

मी खुर्ची पुढं ओढली. अण्णा मराठीत सांगत गेले, मी इंग्रजीत लिहीत गेले. चार ओळी झाल्या : लक्ष्मय्यांनी इथं बत्तीस वर्षं नक्षी काढली. ते आता हयात नाहीत. त्यांचा मोर अजून विणला जातो. तुमचं पत्र त्यांच्या मित्राला मिळालं आहे. म्हातारीला हे पत्र पाठवलं आणि त्या पत्त्यावर कुणीही लिहिलं तर हाच मजकूर आपोआप जाईल, अशी सोय अण्णांनी करून ठेवली.

चाचणी म्हणून त्यांनी स्वतःच्या पत्त्यावरून लक्ष्मय्यांना एक पत्र पाठवलं. नुसतं 'जेवलास का?' एवढंच. क्षणात उत्तर आलं. अण्णांनी ते वाचलं, या वेळी बसून आणि मनातल्या मनात.

"चालतंय," ते म्हणाले.

मी यादी घेऊन उठले. दारातून वळून बघितलं, तर अण्णा लक्ष्मय्यांना दुसरं पत्र लिहीत होते.