बिराजदारबाईंचं पाळणाघर

डॉक्टर बिराजदारबाईंना नमस्कार केला की त्या उलट नमस्कार करत नसत. समोरच्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघत. "वर बघा की. रक्त कमी आहे. पालक खावा." चहावाला, पोस्टमन, कुणी सुटलं नाही. एकदा राउंडला त्यांचा हात डीनसाहेबांच्या डोळ्याकडे निघाला, तो मी वाटेतच धरला.

सोलापुरातल्या एका मोठ्या इस्पितळात आम्ही बरोबरीनं निवासी डॉक्टर होतो. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. बाईंचे यजमान पाटबंधारे खात्यात, कायम कुठल्या तरी कालव्यावर. त्यांची तीन वर्षांची मुलगी शकू मंद्रूपला आजीजवळ, कारण आमच्या हॉस्टेलात मूल ठेवायला परवानगी नव्हती. मांजरं चालायची. मेसमध्ये दोन होती.

बाईंनी डीनसाहेबांकडे धोशा लावला होता. "एक खोली द्या, एक आया द्या. लेकरं डोळ्यांसमोर राहतील."

"बाई, हे इस्पितळ आहे, बालवाडी नाही."

"मग बाळंतपणं कशाला करता?" असं म्हणून बाई बाहेर पडत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर.

एखादा रविवार मोकळा मिळाला की त्या एसटीनं मंद्रूप गाठत. एकदा हुरड्याच्या आशेनं मीही गेलो. आजीनं हाक मारली, "शकू, कोण आलंय बघ." पोरगी आली. आईला बघताच भिंतीला टेकून उभी राहिली, स्वतःच पापणी खाली ओढली, जीभ बाहेर काढली आणि म्हणाली, "डॉक्टरबाई, म्या टॉनिक पिलंय की. सुई नगं."

आम्ही पोट धरून हसलो. बाईही हसल्या. लस, टॉनिक, जंताचं औषध; मिळालेल्या एका रविवारात बाई बिचाऱ्या सगळी माया उरकून घ्यायच्या, त्यांना दुसरी सवड तरी कुठं होती? परतीच्या एसटीत त्या एवढंच म्हणाल्या, "रक्त चांगलं आहे तिचं." मला फार वाईट वाटलं.

अखेर डीनसाहेब कंटाळले. जुन्या चादरींची कोठी रिकामी झाली, आया मिळाली. बाईंनी उभं राहून भिंतींना चुना लावून घेतला आणि शकूला आणायला गेल्या. परत आल्या त्या एकट्याच.

"येत न्हाय म्हणाली," त्या मला म्हणाल्या. "आजीलाच आई म्हणते हो. कसं तोडून आणू?"

पाळणाघर मात्र भरलं. नर्सांची, आयांची, झाडूवालीची, सगळ्यांची पोरं तिथं सुखानं झोपू लागली. बाई दुपारचा डबा तिथंच खायच्या. झाडूवाल्या कमळाचा मुलगा नुकता बोलायला लागला होता. तो त्यांच्या मांडीवर चढून भाताकडे बोट दाखवायचा आणि "आई, आई" करायचा. कमळा दारातून दटावायची, "ए, आई न्हवं त्या. डॉक्टरबाई म्हण."

बाई त्याला घास भरवत म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे गं कमळे. तुझी ड्यूटी संपेपर्यंत म्हणू दे."