मशीन बंद पडली की तायडे

वसंतराव तायडे कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी इन्व्हर्टर कुठे आहे ते विचारतात. त्यांच्या पिशवीत डिस्टिल वॉटरची बाटली, नरसाळं आणि टॉर्च असते. ते बॅटरीची झाकणं उघडतात, आत पाहतात, पाणी कमी असेल तर घालतात आणि मगच खुर्ची घेतात. माझे काका वारले तेव्हा ते भेटायला आले होते. फोटोला हात जोडले, दोन मिनिटं शांत बसले आणि उठून जिन्याखाली गेले. परत येऊन काकूंना म्हणाले, "माणूस गेला, वाईट झालं. पण बॅटरी अजून जित्ती हाये, वहिनी. तिले पाणी देत जा."

काकू दर पंधरवड्याला पाणी घालू लागल्या. ती बॅटरी अजून चालते.

तायडे राहतात अमरावतीला. वय सदुसष्ट. इलेक्ट्रिक सिझर लिफ्ट दुरुस्त करणं हे त्यांचं काम. कात्रीसारखे दांडे उघडत सरळ वर जाणारा, बॅटरीवर चालणारा हा कठड्याचा पाट. अकोल्यात मी ज्या सभागृहाचं काम पाहतो त्याचं छत पस्तीस फूट उंच आहे. दिवा बदलायचा, झुंबर पुसायचं, तर माणूस या लिफ्टवरूनच वर जातो. ती अडली की मी फोन करतो आणि तायडे एसटीनं येतात.

येण्याआधी फोनवर तीन प्रश्न विचारतात, नेहमी त्याच क्रमानं. "पाणी पाह्यलं? लाल बटन पाह्यलं? चाबी कोण्या बाजूले हाये?" यांपैकी एकाचंही उत्तर "पाहतो" असं आलं, तर फोन ठेवून देतात. त्यांचं म्हणणं असं, की मशीन रुसत नाही, माणूस विसरतो. मे महिन्यात मात्र न बोलावता येतात. "अकोल्यात माणसाच्या आंधी बॅटरीले ऊन लागते," असं त्यांचं मत आहे.

एका दसऱ्याचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. सभागृहातल्या कामगारांनी लिफ्टची पूजा केली. हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, झेंडूचा जाडजूड हार बांधला. संध्याकाळी लिफ्ट हलेना. पाणी पाहिलं, चावी पाहिली, चार्जर काढून पुन्हा लावला. लाल बटणाबद्दल सगळ्यांनी छातीठोकपणे "पाह्यलं" म्हणून सांगितलं. तायडे दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आले. लिफ्टभोवती एक फेरी मारली आणि हार उचलला. खाली आणीबाणीचं लाल बटण होतं. हाराची गाठ त्याच्यावरच करकचून आवळलेली, बटण पूर्ण आत गेलेलं.

"हार घातला का गळा दाबला रे बयताडहो?" ते म्हणाले. बटण फिरवून मोकळं केलं. हार मात्र फेकला नाही. कठड्याच्या वरच्या दांडीला स्वतः बांधला.

इतकी वर्षं त्यांनी एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळली. मशीनचं झाकण उघडलं की ते पाठ फिरवून बसत. आत काय करतात ते कोणाला दिसत नसे. कोणी वाकून पाहिलं तर म्हणत, "हवा सोड. उजेड अडवून राहिला तू."

मागच्या वर्षी आमचा लिफ्टचालक पुण्याला नोकरीला गेला. त्या जागेसाठी सुनीता इंगळे पुढे आली. सुनीता नऊ वर्षं आमच्याकडे झाडलोट करते. चालकामागे उभी राहून तिनं सगळं पाहून ठेवलं होतं. ती मला सरळ म्हणाली, "साहेब, मले आता झाडू नाई, चाबी पायजे." सभागृहाच्या सचिवांना बाईमाणूस पस्तीस फुटांवर पटत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "तायडेंनी लिहून दिलं तर ठेवू. नाहीतर बाहेरून माणूस आणू." तसा माणूस त्यांनी पाहूनही ठेवला होता. सुनीताला ही एकच संधी होती.

तायडे आले. दहा मिनिटं एकटेच लिफ्टपाशी बसले, नेहमीसारखी पाठ करून. मग तिला हाक मारली. "बाई, या मशीनले मी दोन रोग लावले. शोध. चहा होईस्तोवर टाइम हाये."

"कोनाचा चहा? तुमचा का साहेबाचा?"

"कावून?"

"साहेबाचा चहा लवकर सरते."

सुनीतानं आधी पाणी पाहिलं. मग जमीन पाहिली, चाकांखाली सतरंजीची घडी आलेली नाही ना ते पाहिलं. पाटावरचं बटण दाबलं, काही झालं नाही. खाली येऊन चावी पाहिली. ती खालच्या बाजूला वळवलेली होती, म्हणजे पाटावरची बटणं बंद. "हा एक," ती म्हणाली. चावी वर वळवून तिनं पाटावरचं बटण चालतं ते पाहिलं, मग चावी पुन्हा खाली करून रिकामा पाट चढवला. तो गेला. दोन खुर्च्या ठेवून चढवला तर फूटभर जाऊन कण्हला आणि थांबला. पाट खाली घेऊन तिनं बॅटरीच्या तारा एकेक करून हलवल्या. तिसरी तार ढिली निघाली. "हा दुसरा."

तायडेंनी मान हलवली आणि खिशातून पेन काढलं.

"थांबा, काका. अजून झालं नाई."

तिनं रिकामा पाट तीन फूट वर नेला आणि बाजूचा आणीबाणीचा दांडा ओढला. वीज गेली, मोटर बंद पडली, तर हाच दांडा ओढून वरच्या माणसाला खाली आणतात. पाट खाली आला नाही. तिनं पुन्हा ओढला. पाट तिथेच.

"हा तिसरा. तुमी तं दोनच म्हने."

"तो मी नाई लावला," तायडे म्हणाले.

त्यांनी पाट खाली घेतला, झाकण उघडलं. या वेळी पाठ फिरवली नाही. दांड्यापासून व्हॉल्व्हपर्यंत जाणारी तार आकड्यातून निसटून लोंबत होती. मागच्या खेपेला सील बदलताना त्यांनीच ती सोडली होती आणि लावायची राहिली होती. मधल्या काळात त्याच लिफ्टवरून आमची माणसं कितीतरी वेळा छताला हात लावून आली होती.

ते बाजूला सरकले. मग म्हणाले, "ये इकडे, पोरी. आकडा कसा बसते ते पाह्य." तार तिच्या हातून लावून घेतली. दांडा ओढायला लावला. पाट सावकाश खाली बसला.

लिफ्टच्या नोंदवहीत त्यांनी लिहिलं ते असं: "आणीबाणीची तार निसटलेली. चूक तायडे. शोधली सुनीता इंगळे. सदर बाई चालक म्हणून योग्य." खाली सही. मी म्हटलं, तुमची चूक लिहायची गरज नव्हती. त्यांनी वही माझ्या हातात दिली. "सचिवायले हेच पान दाखवजा."

चहा आला तेव्हा ते सतरंज्यांच्या ढिगावर बसले होते. सुनीतानं कप पुढे केला.

"तुले आता सगळं येते," ते म्हणाले. "मंग मले कायले बोलावसान तुमी?"

"असं काय बोल्ता, काका?"

"खरं हाये ते. मशीन बंद पडली तं माहा फोन वाजते. चालू हाये म्हून कोनी आजवर फोन नाई केला." त्यांनी कपातली साय बोटानं बाजूला केली. "घरी दोन खोल्या हाये. माही बॅटरी मी दिवसातून दोनदा पाह्यतो."

सुनीता त्यांच्या शेजारी ढिगावर बसली. मग म्हणाली, "मी करीन. सोमवारी, मशीन पाह्यल्यावर. पन रोज नाई हं. मले बी कामं हायेत."

सचिवांनी पान वाचलं आणि तिला चावी दिली. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी, तपासणी उरकली की ती पायरीवर बसून अमरावतीला फोन लावते. मशीन ठीक आहे हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं. गेल्या सोमवारी मी घड्याळ पाहिलं. बोलणं पंचवीस मिनिटं चाललं होतं.